मला काही लागत नाही

माझा राक्षसगण. हे मी लहानपणापासून ऐटीत सांगत आले. पत्रिकेत जन्मनक्षत्रावरून माणसाचा गण ठरतो, देव, मनुष्य नाहीतर राक्षस, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ग्वाल्हेरला आमच्या घरी मात्र त्याला आईची एक पुरवणी होती. देवगणाच्या माणसाला भूत दिसतच नाही. मनुष्यगणाच्या माणसाला दिसतं आणि लागतंही. राक्षसगणाच्या माणसाला दिसतं, पण लागत नाही. शाळेच्या वाटेवर एक चिंच होती, तिच्यावर काहीतरी आहे म्हणून माझ्या मैत्रिणी लांबून वळसा घालून जायच्या. मी खालून चिंचा वेचत जायचे. दिसलं कधीच काही नाही, पण दिसलं असतं तरी माझं काय वाकडं करणार होतं ते?

मोठी झाले तशी ती ऐट अंगात मुरली. मला दृष्ट लागत नाही, ऊन लागत नाही, कुणाचं बोलणं लागत नाही. लग्न होऊन भोपाळला आले आणि गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात चिकटले, तिथेही काम मिळालं ते असलंच. विजेच्या खांबांवर चिनी मातीचे तपकिरी इन्सुलेटर असतात ना, ते मी तपासते. त्यांच्यावर भरपूर दाबाची वीज सोडायची आणि ती आत शिरते का बघायचं. शिरली तर माल नापास. ज्याला काहीच लागत नाही तो पास. बारीकसा तडा गेलेला असला की आत ओल धरते आणि मग वीज त्याला बरोबर हुडकून काढते, म्हणून तडे शोधायची माझी नजर पक्की झाली आहे.

यांचा मनुष्यगण होता. राक्षसगणाची बायको मनुष्यगणाच्या नवऱ्याला खाते म्हणतात, म्हणून अशा पत्रिका कुणी जुळवत नाही. यांनी पत्रिका पाहायचीच नाही असं ठरवलं होतं. "मला मुलीशी लग्न करायचंय, नक्षत्राशी नाही," असं माझ्या वडिलांना तोंडावर म्हणाले होते. ते मंडीदीपला एका कारखान्यात होते. संध्याकाळी कंपनीची बस चौराह्यावर सोडायची, तिथून चालत घरी. आमचं लोखंडी फाटक एका बाजूने बसलेलं आहे, त्यामुळे त्याची कडी पहिल्यांदा लावली की निसटते आणि दुसऱ्यांदा लावली की बसते. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात असायचे. बाहेर आधी हलकं टिक् व्हायचं, मग जोरात टण्. मी आतूनच विचारायचे, "आलात?" ते म्हणायचे, "हो गं, बस लेट होती." बस वेळेवर असली तरी हेच म्हणायचे. इतक्या वर्षांत या दोन वाक्यांत कधी काना-मात्रेचा फरक पडला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एकदा सकाळी ते डबा घेऊन गेले आणि दुपारी कारखान्यातच छातीत कळ येऊन पडले. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा गाडी सरळ आत यावी म्हणून कुणीतरी फाटक आधीच सताड उघडून त्याला वीट लावून ठेवली होती. माणसं आली, खांदे आले, सगळं झालं. कडी काही वाजली नाही.

तेराव्याला मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर यांच्या आत्याबाई पुऱ्या लाटता लाटता शेजारणीला सांगत होत्या, "राक्षसगण आहे हो तिचा. पत्रिका पाहिली असती तर ही वेळ आली नसती." मला पाहून त्यांनी पुऱ्यांचा विषय काढला. मी पाणी प्याले आणि बाहेर आले. मी रडले नाही. दहाव्यालाही रडले नव्हते, तेराव्यालाही नाही, नंतरही नाही. रडून मोकळी हो, रडून मोकळी हो, असं जो येईल तो सांगून जायचा. दगडालाही पाझर फुटेल पण हिला फुटायचा नाही, असंही एकीचं बोलणं कानावर आलं. मला काही लागत नाही. पण आत्याबाईंचं ते वाक्य मी रोज भांडी घासताना पुन्हा ऐकायचे, एवढं खरं.

माझी मुलगी तेव्हा नुकतीच इंजिनिअर झाली होती. कॉलेजातूनच तिला पुण्याची नोकरी मिळाली होती. जायची तारीख तिने एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा ढकलली. कंपनीने शेवटचं कळवलं, दसऱ्याच्या आत या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. ही म्हणे, "तुला अशी सोडून कशी जाऊ?" अशी म्हणजे कशी, विचारलं तर विषय बदलायची. तिच्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. पानातली भाजी इकडून तिकडे करून उठायची. मला देवाकडे एवढंच मागायचं होतं की पोरीने जावं. या घरात राहून ती वाळत चालली होती आणि का, ते मला कळत नव्हतं.

आणि कडी. यांना जाऊन महिना झाला असेल, एका दिवेलागणीला मी कणीक मळत होते आणि बाहेर झालं, टिक्. हात थांबले. मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी कुणी नाही आणि कडी सुटी लोंबते आहे. वारा असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. झाडाचं पानही हलत नसलेल्या संध्याकाळीसुद्धा, एकदाच, हलकं टिक्, आणि मग काही नाही. कुणीतरी कडी लावायला गेलं, ती निसटली, आणि तो तसाच उभा राहिला. मी घाबरले नाही. राक्षसगणाच्या माणसाला घाबरायचं काय कारण? दिसतं पण लागत नाही, तसं ऐकू येतं पण लागत नाही. तिन्हीसांजेला माणूस दिसत नसेल तर ओ देऊ नये, हेही आईचंच. मी ओ दिली नाही. कणीक मळत राहिले. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती मनुष्यगणाची, वडिलांवर गेलेली. तिला ऐकू येत नाहीये तेच बरं, असं मी धरून चालले होते.

मुलीचा एक खेळ घरात आला तो पावसाळ्याच्या शेवटी. दर रविवारी दुपारी मुलीच्या कॉलेजातले दोघं यायचे. एक तुलसी नगरातला मुलगा, वडील मंत्रालयात बाबू, तोंडात सतत हिंदी आणि सेव. दुसरी इंदूरची मराठी मुलगी, इथे खोली घेऊन राहणारी. खेळ म्हणजे काय, तर बोलायचं. एक जण गोष्ट चालवतो, ती माझी मुलगी. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि तो फासाही वीस बाजूंचा. चौथा भिडू कमी पडत होता म्हणून मला बसवलं. मी म्हटलं, या वयात मला भुताखेतांचे खेळ कुठे शिकवता? पण पोरगी त्या वेळी पोटभर पोहे खायची, म्हणून बसले. मला वैदीण केलं, झाडपाला देणारी.

पहिल्याच दिवशी एका गुहेत एका केसाळ जनावरावर इंदूरच्या मुलीने आग सोडली आणि माझी मुलगी म्हणाली, "त्याला काही होत नाही."

"का म्हणून?" मी विचारलं.

"त्याला रोध आहे, आई. मंत्र टाकणाऱ्याने फासा टाकायचा, त्यात आपल्या पातळीचा आकडा मिळवायचा. त्या जनावराच्या आकड्याइतकी बेरीज झाली तरच मंत्र त्याच्यापर्यंत पोचतो. नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी."

"म्हणजे तो चुकवतो?"

"नाही ना. चुकवणं वेगळं. चुकवायला, सोसायला त्याला स्वतःचा फासा टाकावा लागतो, धडपड करावी लागते. रोध असला की त्याला धडपड नाही. आपल्यावर कुणी काही टाकलं होतं हेच त्याला कळत नाही."

"म्हणजे इन्सुलेटर," मी म्हणाले. मला एकदम तो खेळ आवडला.

"हो, पण एक भानगड आहे." ती फासा हातात फिरवत होती. "बरं करायचा मंत्रसुद्धा त्याला लागत नाही. तो मरायला टेकला आणि त्याच्या माणसांनी वाचवायला मंत्र टाकला, तरी मंत्र तसाच परत येतो. त्याने आपण होऊन रोध खाली ठेवला तरच. आणि खाली ठेवला की तेवढ्या वेळात बाकीचंही सगळं लागू शकतं."

"मग राहू दे की त्याला तसाच," मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची गोष्ट सुरू केली.

मुलांना आकडे लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून तिने सरळ गण आणले. राक्षसगणाला रोध सगळ्यात मोठा, मनुष्यगणाला अजिबात नाही. मी लगेच सांगितलं, मी राक्षसगण. मग काय, माझ्या वैदिणीवर कुणाचे शाप चालेनात. मात्र एकदा तिला साप चावला आणि तुलसी नगरवाल्याचा पुजारी तिला वाचवायला मंत्रामागून मंत्र टाकत सुटला, तर एकही लागेना. तो फासे टाकून टाकून दमला. "आंटी, आप तो खुद को भी ठीक नहीं होने देतीं," म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मुलगी तेवढी हसली नाही.

मग ते घर आलं. तिच्या गोष्टीत आम्ही तळ्याकाठच्या एका गावात पोचलो. गावाच्या कडेला एक घर, घरात एक बाई आणि तिची मुलगी. गावकरी म्हणाले, या घरावर काहीतरी येतं. रोज दिवेलागणीला येतं. मारत नाही, ओरडत नाही, आतही येत नाही. पण ते येऊन गेलं की घरातली मुलगी आणखी थोडी वाळते. बाईला त्याचा पत्ताच नाही, तिचं काम चालू असतं.

"कसं कळतं ते आलंय म्हणून?" इंदूरच्या मुलीने विचारलं.

माझ्या मुलीने पोह्यांच्या बशीतला चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर हलकेच वाजवला. एकदाच. टिक्. "फाटकाची कडी अशी वाजते," म्हणाली आणि चमचा तसाच हवेत धरून बसली.

वडिलांची आठवण म्हणून तिने फाटकाचा आवाज काढला असता तर तो दोनदा काढला असता. टिक् आणि टण्. जन्मापासून तिने दोनच ऐकले होते. एकदाच वाजते ती कडी यांच्या हयातीतली नव्हे. ती आत्ताची. जी मी एकटी ऐकते आहे असं समजून चालले होते, ती.

त्या दोघांना यातलं काय कळणार? त्यांनी त्या फाटकावरच्या वस्तूवर जे जे होतं ते सगळं सोडलं. आग सोडली, झोपेचा मंत्र सोडला, हाकलून द्यायचा मंत्र सोडला. फासा वीसवर पडला तरी मुलगी मान हलवायची. "लागत नाही." तुलसी नगरवाला वैतागला. "यार, इसका नंबर कितना है?" ती म्हणाली, "मलाच माहीत नाही." खेळ चालवणाऱ्याला माहीत नाही, हे कसं? पण तिचा चेहरा बघून त्याने वाद घातला नाही. मी त्या दिवशी काही केलं नाही. मी नुसती तिच्या मनगटाकडे बघत बसले.

तिला विचारावं, असं रोज मनात यायचं. आणि रोज तोंडापर्यंत येऊन परत जायचं. विचारलं आणि ती हो म्हणाली तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी इंदूरच्या मुलीने फोनवर पत्रिका काढायचं काहीतरी आणलं होतं. सगळ्यांचे खरे गण बघू म्हणाली. माझी जन्मतारीख आणि पहाटेची वेळ घातली आणि म्हणाली, "काकू, तुमचं रोहिणी नक्षत्र येतंय. मनुष्यगण."

"तुझ्या फोनला म्हणावं घरी जा," मी म्हणाले. "माझं कृत्तिका. घरी गुरुजींनी केलेली पत्रिका आहे."

माझ्या मुलीने कपाटातून ती पत्रिका काढून आणली, आणि वाद मिटवायला सरळ ग्वाल्हेरला आजीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आजी, आई नक्की कधी झाली गं?"

"पहाटे," माझी आई म्हणाली. "रविवारी रात्रभर कळा सोसल्या आणि पहाटे ही झाली. उजाडल्यावर सोमवार होता, तुझ्या आजोबांनी ऑफिसला दांडी मारून सगळीकडे पेढे वाटले."

"मग पत्रिकेत रविवार पहाट का?"

"अगं, सूर्य उगवेपर्यंत आदलाच वार नाही का? त्यांनी गुरुजींना रविवारच सांगितला. बरोबरच आहे ते."

मुलीने पत्रिकेतली तारीख फोनवरच्या तारखेशी ताडून पाहिली. मग म्हणाली, "आजी, गुरुजींनी इंग्रजी वार धरला गं. रविवार उजाडायच्या आधीची पहाट धरली." पलीकडे आईलाही ते हळूहळू उमगत असावं. माझ्या वडिलांनी आपल्या रीतीने बरोबर सांगितलं, गुरुजींनी त्यांच्या रीतीने बरोबर लिहिलं, आणि दोघांच्या मधे मी अख्खा एक दिवस आधीच जन्मून बसले. त्या एका दिवसात चंद्र कृत्तिकेतून रोहिणीत गेला होता. वाढदिवस सोमवारच्या तारखेचा, पत्रिका रविवारची, आणि इतक्या वर्षांत दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही. "असेल बाई," आई म्हणाली. "पण तुझी आई तर कधी कशाला घाबरली नाही."

मी भडकले. इतकी वर्षं मी राक्षस आहे आणि तुम्ही मला फोनवर माणूस करता होय, असं काहीतरी म्हणाले आणि भांड्यांचा आवाज करत आत गेले. बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. म्हणजे यांना मी खाल्लं नाही. आत्याबाईंचं बोलणं मला लागलं होतं, अगदी आतवर लागलं होतं, आणि ते खोटं होतं. आणि लगेच त्याच्या मागून दुसरं आलं. म्हणजे माझ्यावर काहीच पांघरूण नाही. कधीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी देवापाशी दिवा लावत होते आणि कडी वाजली. टिक्. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली तरी मला कळलं नाही. पहिल्यांदा मी घाबरले. फाटक हाकेवर आहे. तिथे कुणीतरी आहे, रोज येतंय, रोज उभं राहतंय, आणि मी इतके दिवस पाठ करून पोळ्या लाटते आहे. मी वळून पाहिलं तर मुलगी सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि दोन्ही हातांनी कान झाकले होते. मला पाहताच तिने हात खाली घेतले आणि केस नीट केले. आम्ही दोघी जेवलो. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तिच्याशेजारी जाऊन बसले, पण ओ द्यायची छाती झाली नाही.

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार आला. पुण्याला नाही म्हणून कळवून टाकते, असं ती सकाळीच म्हणाली होती. खेळ लांबला, बाहेर कावळे घराकडे निघाले. गोष्टीतल्या त्या घरातली मुलगी आता अंथरुणाला खिळली होती. माझ्या वैदिणीने तिला पाला दिला, लागला नाही. तुलसी नगरवाल्याने त्या फाटकावरच्या वस्तूवर शेवटचा मंत्र सोडला, तोही वाया गेला. "खत्म," तो म्हणाला. "कुछ नहीं हो सकता."

"तू मागे म्हणाली होतीस," मी मुलीला म्हणाले, "मंत्राने लावलेली आग त्याला लागत नाही. पण मंत्राने छत पाडलं तर ते त्याच्या डोक्यात पडतं का?"

"पडतं. छत खरं असतं. खऱ्याला रोध नसतो."

"मग मी मंत्र टाकत नाही. मी हातातलं काम ठेवते आणि दार उघडते."

तिने फाशाकडे हात नेला. मी म्हणाले, "दार उघडायला फासा कशाला?" तिने हात मागे घेतला.

"मी पायरी उतरते. फाटकाशी जाते. तिथे जे उभं आहे त्याच्याकडे बघते." मी हातातला पेला खाली ठेवला. "आणि विचारते, आलात?"

आता त्या वस्तूच्या वतीने उत्तर द्यायचं ते तिलाच, खेळ ती चालवत होती. तिने बशीतला चमचा उचलला आणि परत ठेवला. मी पुन्हा विचारलं, रोज विचारायचे तसं, अगदी तस्सं. "आलात?"

"हो गं," माझी मुलगी म्हणाली. "बस लेट होती."

आणि मी रडले. कुणासमोर, काय, मला काही भान राहिलं नाही. पोटातून आलं ते रडू, आवाज करून. यांच्या डब्याचं झाकण त्या दिवशी नीट लागत नव्हतं आणि मी चिडून दिला होता डबा, ते सगळं त्यात आलं. मुलगी टेबलावरून वाकून माझ्या गळ्यात पडली. "मला रोज ऐकू येतं आई," ती म्हणत होती. "पहिल्या दिवसापासून. तुला येत नाही असं वाटलं मला. तू नुसती कणीक मळत असायचीस. तुला त्याच्यापाशी एकटी टाकून कशी जाऊ मी?"

"मला पण येतं," मी म्हणाले. "मला पण रोज येतं गं."

तेव्हा बाहेर झालं, टिक्.

आम्ही दोघी एकमेकींना धरून तशाच राहिलो. इंदूरच्या मुलीने मान वळवली. म्हणजे तिलाही आलं होतं ऐकू. आणि मग, यांना जाऊन इतके महिने झाल्यावर पहिल्यांदा, दुसरा आवाज झाला. टण्. नीट, जोरात, बसल्यासारखा.

"आंटी, कोई आया है," तुलसी नगरवाला म्हणाला आणि उठून बाहेर गेला. त्याच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला, थांबला, आणि परत आला. दारात उभा राहून तो गोंधळून म्हणाला, "बाहर तो कोई नहीं है. गेट लगा हुआ है, बस." मी डोळे पुसून स्वतः पाहायला गेले. दुपारी मुलांनी सताड उघडं टाकलेलं फाटक बंद होतं, आणि कडी लागली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगी पुण्याला गेली. आता रोज फोन करते, तिकडे पोटभर जेवते, घड्याळ मनगटावर बसतं म्हणते. मी गोविंदपुऱ्याहून येते, फाटकाची कडी लावते, पहिल्यांदा निसटते, दुसऱ्यांदा बसते, आणि कणीक भिजवते. दिवेलागणीला कान बाहेरच असतात. त्या दिवसापासून कडी आपणहून पुन्हा वाजलेली नाही. ते मला लागतं. रोज लागतं.